तांदळातलं नाव

साताऱ्यात परत आल्यापासून जो भेटतो तो मला समुद्राचं विचारतो. मॉरिशसला जाऊन आलात म्हणजे समुद्र पाहिलाच असेल. पाहिला ना. बसच्या खिडकीतून पाहिला, आणि एकदा कोर्टाच्या मधल्या सुट्टीत बंदरावर उभं राहून उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा खात पाहिला. निळा आहे, आणि चित्रांत दाखवतात त्याहून वारा बराच जास्त असतो. समुद्राचं एवढंच. मी तिकडे गेले होते ते एका हुकूमनाम्याच्या मागोमाग.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. लोक ते ऐकत नाहीत म्हणून आमचं घर चालतं. मी इथल्या जिल्हा न्यायालयात दिवाणी कामं बघते आणि आजवर माझा लांबात लांब प्रवास कोल्हापूरपर्यंत झाला होता. यंदा, त्र्याऐंशीच्या ऑगस्टात, ऐन श्रावणात, मी विमानात बसले ती सुमित्रेसाठी.

सुमित्रा महादू ही मॉरिशसची मुलगी. तिचे पणजोबा महादू कोकणातून तिकडे उसाच्या मळ्यावर गेले आणि त्यांचं नाव हेच पुढे घराण्याचं आडनाव होऊन बसलं. ही पोर शिष्यवृत्तीवर पुण्याला शिकायला आली, साताऱ्याच्या शशिकांत जाधवच्या प्रेमात पडली आणि लग्न करून साताऱ्यात राहिली. संसार काही टिकला नाही. घटस्फोटाचा अर्ज शशिकांतने केला, तिच्या बाजूने मी उभी राहिले, फारशी चिखलफेक न होता हुकूमनामा झाला आणि ती आपल्या देशी निघून गेली. शशिकांत वर्षाच्या आत पुन्हा बोहल्यावर चढला.

सुमित्रेला मात्र काही वर्षांनी दुसरं लग्न करायची वेळ आली तेव्हा कळलं की मॉरिशसच्या दप्तरात ती अजून शशिकांतची बायकोच आहे. तिच्या वडिलांनी मोठ्या हौसेने साताऱ्याचं लग्न तिथल्या सरकारी नोंदवहीत उतरवून घेतलं होतं. वडील गेले, नोंद राहिली. आणि साताऱ्याच्या न्यायाधीशाने काढलेला हुकूम तिथल्या कारकुनाला बांधत नाही, तसा तिथला आपल्याला बांधत नाही. एकाच लग्नातला नवरा हिंदुस्थानात मोकळा आणि बायको मॉरिशसमध्ये बांधलेली, असा हा प्रकार.

यावर तिथे उपाय आहे. परक्या निकालावर त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाची मोहोर घ्यायची. तिला ते एक्झेक्वातूर म्हणतात, म्हणजे ‘याचा अंमल व्हावा’. मी माझ्यापुरतं ते असं समजून घेतलं, की परका निकाल म्हणजे दारात उभी असलेली नवी नवरी. नाव घेतल्याशिवाय तिला आत सोडायचं नाही, अशी रीत. हुकूम पक्का आहे का, आणि भारतीय कायदा काय म्हणतो, हे सांगायला तिथल्या कोर्टाला कुणी जाणतं माणूस समोर हवं होतं. सुमित्रेने माझं नाव सुचवलं.

क्वात्र बॉर्न

विमानतळावर सुमित्रा आणि तिचा होणारा नवरा विष्णू आले होते. विष्णू पाणीखात्यात नकाशे काढतो. त्याला मराठी कळतं पण बोलता येत नाही, म्हणून त्याने एकच वाक्य घोटून आणलं होतं: “प्रवास चांगला झाला काय?” मी म्हटलं, झाला. यापुढचं त्याच्याकडे काहीच तयार नव्हतं, तेव्हा त्याने लाजून माझी पेटी उचलली. सुमित्रा लांब कोट घालून उभी होती. कोटाची खालची बटणं लागत नव्हती, ते पाहून मी काय ते समजले.

तेवढ्यासाठीच ही घाई होती. दोघांनी देवळात हार घातले होते, पण देवाच्या नोंदी सरकार वाचत नाही. हुकूमनाम्यावर मोहोर बसायच्या आधी मूल जन्मलं असतं तर ते कागदावर तिच्या नोंदलेल्या नवऱ्याचं ठरलं असतं. म्हणजे साताऱ्यात दुसऱ्या बायकोबरोबर सुखाने नांदणाऱ्या शशिकांत जाधवचं. आणि विष्णू, जो रोज संध्याकाळी तिच्या पायांना तेल लावून देत होता, तो त्या लेकराचा कागदोपत्री कुणीच नसता.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस, उसात काळ्या दगडांचे ढीग, आणि पलीकडे अंगठा वर केल्यासारखा एक डोंगर. तोडणीचा हंगाम होता. कारखान्यावरून गाडी गेली तेव्हा आमच्या कराडकडच्या गुऱ्हाळाचा वास आला आणि मला उगीच घरी आल्यासारखं वाटलं. पण बेट म्हणजे उकाडा, या समजुतीने मी सगळ्या सुती साड्या भरल्या होत्या. क्वात्र बॉर्नला पोचेपर्यंत दात वाजायला लागले. तिकडे ऑगस्ट म्हणजे ऐन थंडी, हे भूगोलात शिकूनही माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सुमित्रेने मला तिथल्या कपड्यांच्या बाजारात नेऊन जांभळा स्वेटर घेऊन दिला. तो मी पुढे सर्वत्र घातला, सर्वोच्च न्यायालयातसुद्धा.

क्वात्र बॉर्न हे नोकरदारांचं गाव. लहान लहान घरं, पुढे तुळस आणि लाल-पांढरी निशाणं, आत रेडिओवर फ्रेंच बातम्या. सुमित्रा शाळेत मराठी शिकवते. तिचं मराठी अगदी साताऱ्याचं आहे. स्वयंपाकघरात मी तिच्यासाठी डाळ फोडणीला टाकत होते आणि ती पाटावर पाय पसरून बसली होती, तेव्हा ती मनातलं बोलली.

“बाई, साताऱ्यात कुणी मृणालिनी म्हणून हाक मारली की मी मागे वळून बघायचे, कुणाला बोलावतायत म्हणून. आता विष्णूची आजी पुन्हा तांदळात नाव लिहिणार. नाही कसं म्हणू? पण मला नको आहे.”

आपल्याकडे हे सगळ्यांना माहीत आहे. नवरी घरात आली की ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्याने अंगठीने त्यात तिचं नवं नाव लिहायचं, आणि त्या क्षणापासून माहेरचं नाव संपलं. जाधवांनी तिची मृणालिनी केली होती. मी तिला म्हटलं, आजीबाईंच्या हौसेला किती मनावर घ्यायचं, नाव काय, घरातल्या घरात. हे बोलताना मी किती शहाणपणाने मान डोलावली होती ते आठवलं की आता हसू येतं.

रिव्हिएर दू रांपार

शनिवारी बसने उत्तरेला विष्णूच्या आजीकडे गेलो. वाटेत बस बदलायच्या जागी कागदात गुंडाळलेली दालपुरी खाल्ली. आपल्या पुरणपोळीची ही तिखट बहीण. आत डाळ, वर टोमॅटोची आमटी आणि मिरचीची चटणी, आणि खाताना अर्धी आमटी कोपरापर्यंत ओघळते. माझी ओघळलीच. साडी बदलायला जागा नव्हती, म्हणून डाग स्वेटरखाली झाकून मी गावात प्रवेश केला.

आजी उंच, काटक, पांढरीशुभ्र ओढणी डोक्यावर घेतलेली. चार वाफे वांगी, टोमॅटो आणि कोथिंबीर स्वतः बघते आणि भाजी बाजारात पाठवते. तिचं मराठी ऐकलं आणि मी चकित झाले. तिच्या आजेसासूने कोकणातून नेलेली भाषा तिने पेटीत जपून ठेवल्यासारखी ठेवली होती, मधे मधे क्रेओल या तिथल्या फ्रेंचवजा बोलीतल्या शब्दांची कल्हई केलेली. माझ्या बोलण्याला ती ‘रेडिओवरला मराठी’ म्हणाली. मला ते जरा लागलं.

रात्री तिथेच राहिलो. सुमित्रेने मला सांगून ठेवलं होतं, की एखादं प्रतिज्ञापत्र तिथल्या जिल्ह्याच्या कोर्टात करावं लागेल, तयारी असू द्या. रविवारी सकाळी उठते तोच आजी दारात येऊन म्हणाली, “वकीलबाय, लाकूरात चल. सगळी वाट बघत्यात.” ला कूर म्हणजे कोर्ट, हे मी हुकूमनाम्याच्या पत्रव्यवहारात वाचलेलं होतं. रविवारी कसलं कोर्ट, असा प्रश्न मनात आला, पण फ्रेंचांचा कायदा, असेलही. मी घाईघाईने काळा डगला चढवला, गळ्याला पांढऱ्या पट्ट्या बांधल्या, कागदांची पिशवी काखेत मारली आणि बाहेर आले. बाहेर अंगणात चटईवर घरचे सगळे गरम चहा घेऊन बसले होते. क्रेओलमध्ये अंगणालाही लाकूरच म्हणतात.

विष्णू हसता हसता चटईवर आडवा झाला. आजी मात्र हसली नाही. तिने मला नीट वरून खाली न्याहाळलं, आणि “दिसतंस चांगली,” म्हणून व्हॅनिला घातलेल्या चहाचा पेला हातात दिला. मी तशीच, पट्ट्यांसकट, चहा प्यायले.

त्या चहावर आजीची आणि माझी गट्टी जमली. तिने मला तिच्या नावाची गोष्ट सांगितली. सरकारी कागदावर ती पार्वती, पण घरात रुक्मीण. लग्नात नवऱ्याने तांदळात लिहिलं ते घरापुरतं. मी विचारलं, मग दप्तरात बदललं का नाही? तिला माझा प्रश्नच कळला नाही. “सरकारला कशाला सांगायचा? तांदळातला नाव तांदळात ऱ्हातो.” साताऱ्यात हेच नाव रेशनकार्डावर चढतं, सातबाऱ्यावर चढतं, मतदारयादीत चढतं, आणि जुनं नाव शाळेच्या दाखल्यात कुजत पडतं. एकच ताट, एकच तांदूळ, पण समुद्राच्या एका काठाला नाव घरात राहिलं आणि दुसऱ्या काठाला सरकारात गेलं. हा फरक मला फार गोड वाटला. नोंदून ठेवावा असं वाटलं, इतकंच. त्यात आमचंच घोडं अडणार आहे हे काही सुचलं नाही.

मग आजी सुमित्रेकडे बघत म्हणाली, “हिला घरात घेतली, पण नाव नाय दिला. कागदाव दुसऱ्याची हाय. कोर्ट सोडवील तवा तांदूळ काढीन. आनि पोटातला जाधवाचा लागला तर मी काय करू, सांग.” तिचा आवाज चढला नाही, पण हातातला पेला तिने खाली ठेवला. सुमित्रा मान खाली घालून वाटाणे सोलत राहिली.

पोर्ट लुई

सोमवारी पोर्ट लुईला सुमित्रेच्या वकिलांकडे गेलो. तिथे कागदपत्रं तयार करणारे वकील वेगळे असतात आणि त्यांना मेत्र म्हणायचं. आमचे मेत्र रघुनाथ, मूळचे मराठीच, पण इंग्रजी आणि फ्रेंचमध्ये वाढलेले, शांत, करड्या मिशांचे. त्यांच्या टेबलावर इंग्रजी कायद्याची पुस्तकं डावीकडे आणि नेपोलियनच्या संहितेची उजवीकडे. कोर्ट कसं चालवायचं ते इंग्रजांकडून घेतलं आणि लग्न, मूल, वारसा कसे ठरवायचे ते फ्रेंचांकडून, असं त्यांनी मला समजावलं. मीही आमच्या दिवाणी प्रक्रिया संहितेतलं परक्या निकालाचं तेरावं कलम त्यांना ऐकवलं. दोन्हीकडे मागणं सारखंच: ज्या कोर्टाने निकाल दिला त्याला तो अधिकार होता का, दोन्ही बाजूंना बोलावलं होतं का, निकाल अजून जिवंत आहे का, आणि आपल्या मुलखाच्या नीतीला तो सोडून तर नाही ना. चारीही बाबतीत आम्ही भक्कम होतो. शशिकांतने तर हरकत नसल्याचं प्रतिज्ञापत्रही साताऱ्याहून करून पाठवलं होतं.

मेत्रांनी साताऱ्याचा हुकूमनामा उलगडला, वरच्या ओळीवर बोट ठेवलं आणि त्यांना येत होतं तेवढ्या मराठीत म्हणाले, “आलोर, तर मग वकीलबाय, ही मृणालिनी कोन?”

मी हसले. ते हसले नाहीत.

मॉरिशसच्या नोंदवहीत शशिकांत जाधवची बायको सुमित्रा महादू. साताऱ्याच्या हुकूमनाम्यात शशिकांत जाधवने सोडलेली बायको मृणालिनी शशिकांत जाधव. अर्ज नवऱ्याचा, म्हणून नाव त्याच्या घरचं. साताऱ्यात कुणाला यात काही खटकलं नव्हतं, खटकणारही नाही. माहेरचं नाव कुठेच नाही. शशिकांतच्या प्रतिज्ञापत्रात पाहिलं, तिथेही मृणालिनीच. तिचं पहिलं नाव त्याला आठवत तरी होतं की नाही, कोण जाणे. आणि सरकारतर्फे या कामात मत देणाऱ्या वकिलाने नेमकं हेच मेत्रांना कळवलं होतं.

माझी पाचावर धारण बसली. मी मेत्रांना तांदळाची गोष्ट सांगायला लागले. त्यांना ती ठाऊक होती. त्यांच्या आईचंही घरातलं नाव वेगळं होतं. पण ते म्हणाले की ते नाव त्यांनी कधी कोणत्याही कागदावर पाहिलेलं नाही, आणि उद्याचे न्यायमूर्ती आपल्यातले नाहीत. मग आम्ही पुरावा शोधायला लागलो. लग्नपत्रिका? सुमित्रेने जाळून टाकली होती. फोटो? फोटोला नाव नसतं. ट्रंककॉल करून साताऱ्याहून काही मागवावं तर सुनावणी दुसऱ्या दिवशीच, आणि पुढची तारीख महिन्याभराने. तोवर लेकरू थांबणार नव्हतं. सुमित्रा खुर्चीत अवघडून बसली होती. ती एवढंच म्हणाली, की त्या नावाने मला तिथेही सुख दिलं नाही आणि इथेही देत नाही. विष्णू तिचा हात धरून उभा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजी पहिली बस पकडून आली होती. कोर्टाची जुनी दगडी इमारत, लाकडी जिना, आत आमच्यासारखेच काळे झगे आणि पांढऱ्या पट्ट्या. ते बघून मला धीर आला आणि पिंजऱ्यात उभं राहायचंय हे आठवून तो गेला. वकिलाला साक्षीदार व्हायला लावणं म्हणजे आचाऱ्याला पंगतीत बसवण्यासारखं आहे. चव कळते, पण हात शिवशिवतात.

सरकारी वकील तरुण आणि अदबशीर होता. त्याचं काही चुकत नव्हतं. त्याच्या जागी मी असते तर हेच विचारलं असतं. हुकूम अंतिम आहे का, अपिलाची मुदत संपली का, हे सगळं मी सांगितलं, न्यायमूर्तींनी हाताने लिहून घेतलं. मग त्याने सावकाश विचारलं, की शशिकांत जाधवांना दोन बायका नव्हत्या कशावरून? एक मृणालिनी, जिला त्यांनी सोडलं, आणि एक सुमित्रा, जिला सोडलेलं नाही.

मी तांदळाची चाल सांगितली. हा कायदा आहे का? नाही, रूढी आहे. सगळ्या घरांत पाळतात? नाही, पुष्कळ घरांत. म्हणजे या बाईंच्या बाबतीत पाळली गेली याला आधार तुमच्या शब्दाचाच ना, आणि तुम्ही तर त्यांच्याच वकील होतात? मी म्हटलं, हो. मागच्या बाकावर सुमित्रा पोटावर हात ठेवून बसली होती.

त्याला आता शेवटचा घाव घालायचा होता. माझी लायकी दाखवायला मेत्रांनी माझी कायद्याची पदवी आणि वकिलीची सनद अर्जाला जोडली होती. त्याने दोन्ही कागद समोर धरले आणि मला विचारलं:

“बाई, ही सनद वसुधा माधव दाते यांची आहे. ही पदवी कृष्णा भास्कर गोळे यांची. तुम्ही कुणाची पदवी घेऊन आलात?”

मी त्या पदवीकडे पाहत राहिले. ती वर्षानुवर्षं पेटीच्या तळाशी होती आणि तिच्यावरचं नाव मी कधीचं वाचलं नव्हतं. वाईला कृष्णेच्या काठी जन्मले म्हणून आजोबांनी कृष्णा ठेवलं होतं. सासऱ्यांचं नाव कृष्णराव, सासरी ते तोंडाने कसं घ्यायचं, म्हणून मला वसुधा केली. मी तक्रार केली नाही, तेव्हा कुणी करत नसे. आई गेल्यावर त्या नावाने हाक मारणारंच कुणी उरलं नव्हतं.

“माझीच,” मी म्हटलं. “कृष्णा मीच. लग्नाच्या दिवशी तांदळात वसुधा लिहिलं.”

एवढं बोलून मी डोळ्यांना पदर लावला. इतक्या वर्षांच्या वकिलीत मी कितीतरी बायकांना पिंजऱ्यात रडताना पाहिलं आहे, आणि त्यांना पाणी प्या म्हणून सांगितलं आहे. न्यायमूर्तींनी मला पाणी द्यायला सांगितलं. मग त्यांनी दोन्ही कागद मागून घेतले, एकावर एक ठेवून बराच वेळ पाहिले. ते सरकारी वकिलाला म्हणाले, की हे दोन कागद या प्रकरणाच्या कितीतरी आधीचे आहेत, यासाठी तयार केलेले नाहीत, तेव्हा या चालीला बाईंच्या शब्दाखेरीजही आधार आहे, आणि आपल्या प्रश्नाचं उत्तर आपणच कोर्टापुढे ठेवलं आहे. तो तरुण क्षणभर गोंधळला, आणि मग हसून त्याने मान लववली. मला तो फार आवडला.

मधल्या सुट्टीत त्या शेंगा खाल्ल्या. समुद्र पाहिला तो हाच. आजी शेजारी उभी होती, तिला इंग्रजी कळत नाही, म्हणून सुमित्रेने तिला सगळं मराठीत सांगितलं. आजीने ऐकून घेतलं आणि ती शेंगा सोलून माझ्या हातात देत राहिली.

न्यायमूर्तींनी त्या आठवड्याच्या अखेरीस हुकूम दिला. साताऱ्याच्या जिल्हा न्यायालयाचा निकाल मॉरिशसमध्ये अंमलात यावा, आणि त्यातली मृणालिनी हीच नोंदवहीतली सुमित्रा समजावी. इंग्रजीतली ती ओळ मी चार वेळा वाचली. जीव भांड्यात पडला.

पुन्हा रिव्हिएर दू रांपार

माझ्या परतीच्या आदल्या दिवशी सकाळी सरकारी कचेरीत लग्न लागलं. अधिकाऱ्याने नाव विचारलं तेव्हा सुमित्रेने “सुमित्रा महादू” असं इतक्या मोठ्याने सांगितलं, की शेजारच्या खोलीतला माणूस डोकावून गेला. विष्णूने सही करताना कागदावर शाईचा डाग पाडला. अधिकारी म्हणाला चालेल. आता येईल ते लेकरू विष्णूचं, घरात आणि दप्तरात, दोन्हीकडे.

दुपारी सगळे आजीकडे गेलो. तिने शब्द दिला होता, कोर्ट सोडवील तेव्हा तांदूळ काढीन. तिने ते काढून ठेवलेच होते. पितळेचं जुनं ताट घासून लखलखीत केलेलं, त्यात तांदूळ सारखे पसरलेले, बाजूला हळद-कुंकू. सुमित्रा पाटावर बसली. तिच्या चेहऱ्यावरचं मघाचं हसू गेलं होतं. मी बोलावं असं मला वाटलं, पण पाहुण्या बाईने कुणाच्या घरच्या तांदळात तोंड घालू नये. विष्णूने बोटातली अंगठी काढली आणि काय लिहू म्हणून आजीला विचारलं.

आजीने तळहाताने तांदूळ एकदा सारखे केले.

“कायच नाय,” ती म्हणाली. “पा बिझें. गरज नाय. एक नाव पुसाया ही बाय येवड्या लांबना आली. दुसरा कोन पुसल?”

तिने ताट उचललं आणि आत गेली. तांदूळ तीन पाण्यांनी धुतल्याचा आवाज आला, आणि मग पातेलं चुलीवर ठेवल्याचा. सुमित्रा पाटावर बसून रडायला लागली. विष्णूला वाटलं तिला काही होतंय, तो धावत पाणी आणायला गेला. मी त्याला म्हटलं, काही होत नाहीये, बस.

भात झाला तेव्हा लाकूरातच, म्हणजे अंगणात, पानं मांडली. शेवग्याच्या पाल्याची भाजी, टोमॅटोची आमटी, आंबट-तिखट लोणचं. आजी वाढायला आली, माझ्यासमोर थांबली आणि म्हणाली, “कोर्टात काय सांगितलंस गो, तुजा पयला नाव?”

“कृष्णा.”

“मग जेव, कृष्णा.”

मी तीनदा भात घेतला.